घोंगडीवरची पारख

रेडिओ म्हणाला, बर्फ पडेल, कदाचित नाहीही. तेवढ्यावर ब्राझीलमधल्या साओ जोआकिम गावाचा चौक गच्च भरला; या देशात बर्फ म्हणजे नवलच. आडेमारकाकांनी मोटारीच्या टपावर काळी घोंगडी अंथरली. कण उडाला तर गार, टिकला तर बर्फ. गेल्या हिवाळ्यात ही पारख न करताच त्यांनी "बर्फ!" म्हणून गाव जमवलं होतं; निघाल्या गारा.

"काय गारवाले, आज पुन्हा फसवणार?" पाइनच्या बिया भाजणारी नेउझा म्हणाली.

"गप गं! ढग बघ कसला उतरलाय!"

पहिला कण टुणकन उडाला. दुसराही. काका घोंगडीवर आणखी वाकले. मग एक पांढरा पुंजका अलगद उतरला, आणि तिथेच बसला. शेजारी आणखी दोन.

"काका, हे उडत नाहीत हो!" नेउझा जवळ येऊन म्हणाली.

"मग ओरड ना, बये! माझं कोण ऐकतंय?"