बावीस उन्हाळ्यांची एक डीव्हीडी

दिनांक ८ जून २००६, गुरुवार. डेन्मार्कमधल्या लिमफ्योर्ड खाडीकाठच्या बिर्केवाय गल्लीत राहणाऱ्या तोवेबाई रावनकिल यांनी बावीस वर्षे केलेले चित्रण शेजारच्या हेल्गेने विकत आणलेल्या एका संगणक-प्रोग्रामने अकरा मिनिटांत आटोपले, आणि काय ठेवावे, काय टाकावे याबाबत एकाही माणसाला विचारले नाही. ही तक्रार तारीखवार नोंदवणे भाग आहे. कारण त्या प्रोग्रामच्या खोक्यावर नेमक्या याच गोष्टीची फुशारकी छापलेली होती.

तोवेबाई पन्नाशी उलटलेल्या, पेशाने लॅटिनच्या शिक्षिका. दर ऑगस्टमध्ये बाराही घरे रस्त्यावर टेबले मांडून एकत्र जेवतात आणि तोवेबाई कॅमेरा घेऊन उभ्या राहतात. त्या टेपा पाहण्याची इच्छा आजवर कोणी व्यक्त केली नव्हती. पण १३ जूनला समोरच्या गेर्डा आणि आर्ने यांच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होत होती. तिकडच्या रिवाजाप्रमाणे सकाळी त्यांच्या दारी फांद्यांची कमान उभारायची, गाणी म्हणून त्यांना उठवायचे आणि न्याहारीच्या वेळी डीव्हीडी दाखवायची, असे ठरले. डीव्हीडी तोवेबाईंनी करायची. बावीस वर्षांत प्रथमच त्यांचे काम कोणीतरी मागितले होते.

मग महिनाभर त्यांनी परीक्षेचे पेपर तपासावेत तसे प्रोग्राम तपासले. पहिल्याने प्रत्येक शीर्षकाभोवती बदाम आणि कबुतरे चिकटवली. ती हाकलण्याची सोयच नव्हती. दुसरा नव्याण्णव टक्क्यांपर्यंत शहाण्यासारखा वागे आणि मग तबकडी नासवे, तीही सलग चार वेळा. तिसरा मात्र रुक्ष आणि आज्ञाधारक होता. त्याची फुकटची आवृत्ती चित्राच्या मधोमध स्वतःच्या नावाचा शिक्का उठवत असे, म्हणून तोवेबाईंनी पदरमोड करून तो विकत घेतला. एकेक तुकडा हाताने कापून त्यांनी प्रत्येक घराला बरोबर पंचावन्न सेकंद दिले. त्या गल्लीत कोणी कोणापेक्षा मोठे नसते.

गुरुवारी संध्याकाळी गेर्डा-आर्ने सोडून सारी गल्ली हेल्गेच्या गॅरेजात कमानीच्या फांद्या बांधत बसली होती. कमानीचा कारभारी हेल्गेच; तोवेबाईंच्या टेपांच्या प्रती मागून नेऊन त्यानेही आपली एक डीव्हीडी बनवली होती.

"अगं तोवे, महिना लावलास? मी खोका उघडला, कॉफी ओतली, ती गार व्हायच्या आत सिनेमा तयार!"

"तुझी कॉफी नेहमीच गार होते, हेल्गे. बोलत बसतोस ना."

दोन्ही पाहायच्या आणि हात वर करून ठरवायचे, असे झाले. आधी हेल्गेची लागली. झेंडे फडफडत होते, पोरे पाण्यात उड्या मारत होती, आणि हेल्गेचा कुत्रा टेबलाखालून, टेबलावरून, पाहुण्यांच्या मांडीवरून पळत होता. लोक हसून हसून लोटपोट झाले. तोवेबाईंनाही दोनदा हसू आले. ते त्यांनी खोकल्यात दडवले.

दिवा लागायच्या आत हात वर गेले.

"आता तुझी कशाला गं?" शेजारची रिगमोर म्हणाली. "बारा घरं, पंचावन्न पंचावन्न सेकंद. झोप लागेल!"

तोवेबाई उठून उभ्या राहिल्या. "हात खाली घ्या. एकच विचारते. यात आर्ने कुठंय?"

"असेल की मागं कुठंतरी," हेल्गे म्हणाला.

पुन्हा लावून पाहिले. कुत्रा एकतीस वेळा होता. आर्ने एकदाही नव्हता. जे हलते, जे चमकते, जे ओरडते तेवढेच तो प्रोग्राम उचलत असे; आणि आर्ने दरवर्षी झाडाच्या सावलीत, हातात चिमटा घेऊन, सॉसेज भाजत मुकाट उभा.

"अरे देवा! लग्न त्याचं आणि नवराच गायब!" रिगमोर म्हणाली.

"बाकी सगळं झकास आहे ना पण," हेल्गे पुटपुटला.

"हो का? मग मंगळवारी गेर्डाला सांग, पंचवीस वर्षं माझ्या कुत्र्याबरोबर काढलीस म्हणून!"

मग तोवेबाईंची डीव्हीडी लागली. घरामागून घर सरकले. आर्ने-गेर्डाच्या वाट्याला आले ते बावीस उन्हाळे, प्रत्येकी अडीच सेकंदांचे. तोच चिमटा, केस काळे, मग करडे, मग नाहीतच. आणि दरवर्षी पहिले सॉसेज गेर्डाच्या ताटात. फांद्या बांधणारे हात थांबले होते.

"इतकी वर्षं त्याच्या हातचं खातोय," हेल्गे हळूच म्हणाला, "आणि हे कधी दिसलं नाही बघ."

या वेळी हात मोजावे लागले नाहीत.

मंगळवारी साडेसहाला गाणी सुरू झाली. दोघे झोपेतून उठल्याचा बहाणा करत दारात आले. गेर्डाचे केस मात्र नीट विंचरलेले होते. बन, कॉफी, छोट्या पेल्यांतून कडू मद्य, आणि मग डीव्हीडी.

"तोवे," आर्ने म्हणाला, "मला वाटायचं, तू कुत्र्याचं शूटिंग करतेस."

गेर्डाने डोळे पुसले आणि डीव्हीडी पुन्हा लावायला सांगितली. तोवेबाईंनी लावली, या खेपेस खोकल्या नाहीत, मोकळेपणाने हसल्या.

वाचकांकडे मागणी एकच आहे. घरचा चित्रपट तबकडीवर पक्का करण्यापूर्वी आपल्या माणसांची नावे कागदावर लिहा आणि प्रत्येक जण दिसतो की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ज्या प्रोग्राममध्ये सुटलेला माणूस हाताने परत आणता येत नाही, तो दुकानात परत करा.