बाबाचा दगड आणि मास्तरीणबाई

मास्तरीणबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझ्या शेतात पालथी पडलेली होती. मला वाटलं, मेली. जवळ गेलो तर बाई गाल मातीला लावून जुन्या दगडांकडे पाहत होती. सकाळचं तिरपं ऊन असलं की झिजलेलं कोरीव काम दिसतं म्हणे.

"काऊन वं बाई, कोनाच्या शेतात लोळून राह्यली?"

ती उठली नाही. "ऊन अडवू नका," म्हणाली. आमचं वैर तिथंच सुरू झालं.

ती बुलढाण्याची, शाळेतून निवृत्त झालेली. मोताळा तालुक्यातली उजाड गावं हुडकायची, ती वसवणाऱ्या पहिल्या माणसांची मसणवट शोधायची, हा तिचा उद्योग. आमचं जुनं गाव नाल्याकाठी होतं. आता तिथं माझी तूर असते, आणि हिवराच्या झाडाखाली ते दगड. त्यातला शेंदराचा मोठा दगड आमच्या बाबाचा. गाव वसवणारा तो, आम्ही त्याचा वंश. गावात लग्न निघालं की पहिला नारळ त्याच्यापुढं, आणि तो आमच्याच हातानं फुटणार. दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी त्याला धोतर नेसवतो, पागोटं बांधतो. घरातली बाई तिथं जात नाही. बाबाला चालत नाही.

हे मी छाती काढून सांगितलं. बाई म्हणाली, "कशावरून?"

हा तिचा शब्द. माझ्या आज्यानं सांगितलं, म्हटलं. "त्यांना कशावरून?" चहात म्हशीचं दूध आहे म्हटलं तरी ही तेच विचारेल, म्हणून मी तिला कधी चहाच विचारला नाही.

तिला शेंदराचं कवच काढून पाहायचं होतं.

"हात लावला तं तंगडं मोडीन," मी सांगितलं.

"मोडा. पण दगड माझ्यासमोर धुवा."

मग ती येतच राहिली. हिवराच्या सावलीबाहेर स्टूल मांडून दुर्बीण लावायची. मी तिच्या अंगावर बैल सोडला, तिनं स्टूल सरकवलं. जिद्दी होती हे मानतो. माझ्याइतकी नव्हती.

एका अखाजीला मी पागोटं बांधत होतो. गाठ आवळली आणि शेंदराचं कवच खरबुजाच्या फोडीसारखं माझ्या हातात आलं. आत कोरलेला हात. कोपरात वाकलेला, पंजा वर, मनगटभर बांगड्या. नैवेद्याचं ताट घेऊन सून नाल्यापाशी थांबली होती. बाई दुर्बीण टाकून तडक दगडापाशी आली, तिच्यामागं सूनही.

"हा बाबाचाच हात हाय," मी म्हणालो.

"कशावरून?"

सून तोंडाला पदर लावून हसली. माझ्या घरात मला आजवर कोणी हसलं नव्हतं.

बाई मात्र हसली नाही. "किसनराव, हा सतीचा हात आहे. नवऱ्यामागं जाळलेल्या बाईचा. तिच्याच दगडापाशी तुम्ही बायकांना येऊ देत नाही. वर तिला पागोटं बांधता."

"मंग आमचा बाबा कुठी हाय?"

"मला माहीत नाही. दिसलं तेवढंच लिहिणार."

बाबाचा दगड असंच लिहा, नाहीतर या शेतात पाय ठेवायचा नाही, मी बजावलं. ती परत आली नाही. आणि तसं लिहिलंही नाही.

पुढच्या हिवाळ्यात ती वारली. मेल्या माणसाबद्दल लोक गोड बोलतात. मी बोलणार नाही. तिनं माझा बाबा नेला आणि बदल्यात दुसरा दिला नाही. थोडं खोटं बोलली असती तर तिचं काय जात होतं? पण ते तिला जमलंच नसतं. माणसाचं मन राखणं तिला कोणी शिकवलं नव्हतं.

यंदा अखाजीला पागोटं घेऊन निघालो, तर सून भरली घागर घेऊन माझ्यापुढं.

"कुठी चालली?"

"दगडापाशी."

"बाबाले चालत नाही."

"मामाजी, तिथं बाबा कुठी हाय?"

शेंदूर मी पुन्हा थापला होता, तरी त्यातून हात दिसत होता. त्या हातावर तिनं अख्खी घागर हळूहळू ओतली. "लय भाजली असंल वं माय," दगडाला म्हणाली. मग रिकामी घागर माझ्यापुढं धरली. "मामाजी, आखीन एक आना."

त्या दिवसांत नाल्याला पाणी नसतं. मला विहिरीपर्यंत जावं लागलं.