पट्ट्याचा सूर

"...अन् मग मी काय केलं, ऐका तर. उस्ताद हात धुवायला मागं गेला. तेवढ्यात मी मागच्या सिलेंडरचा पट्टा सैल करून ठेवला. थोडाच हो, मिशीच्या केसाइतका! उस्ताद आला, उकिडवा बसला, बोटानं पट्टा छेडला अन् म्हणतो कसा, 'एक नंबर!' चार गिऱ्हाइकांच्या देखत! मग मी म्हटलं, उस्ताद, जरा अंगठा दाबून बघता का?"

बाकावरचा बेकरीवाला मांडीवर थाप मारून हसला. ही गोष्ट त्यानं वीस वेळा तरी ऐकली होती. पण त्याची गाडी आत उघडी पडली होती, आणि ज्याच्या हातात आपली शेंडी त्याच्या विनोदाला हसावंच लागतं.

"मग उस्ताद काय म्हणाला?" त्यानं नेहमीच्या जागी नेहमीचा प्रश्न टाकला.

"काय म्हणतोय, कपाळ! दुसऱ्या दिवसापासून त्या तिपाईवर बसला, रॉकेलच्या ट्रेमध्ये नटबोल्ट धूत. सहा वर्षं धुतले. मेला तेव्हासुद्धा नखांत काळं होतं."

सांगणाऱ्या मिस्त्रीला सगळा रस्ता कानसेन म्हणायचा. त्याच्या गॅरेजात फक्त इटालियन मोटारसायकली यायच्या. या गाड्या म्हणजे लाडावलेली मोठ्या घरची सून. दिसायला अशी की वाटसरूनं वाट चुकावी, अन् रुसायला निमित्त लागत नाही. मालक चार महिने मिरवायचे आणि आठ महिने कानसेनच्या दारात कपाळाला हात लावून बसायचे. तरी विकायचे नाहीत. बेकरीवाल्याची बायको एकदा दारात येऊन म्हणाली होती, "माझ्या दुखण्याला इतक्या चकरा मारल्या असत्या तर मी कधीच बरी झाले असते."

या गाड्यांच्या इंजिनात दोन रबरी पट्टे असतात. व्हॉल्व्ह कधी उघडायचे अन् कधी मिटायचे, ते हे पट्टे ठरवतात. गाडी चालो वा न चालो, दर दोन वर्षांनी ते बदलायचे. रबर नुसतं उभ्या उभ्याही म्हातारं होतं. बदलले की ताण जुळवायचा. फार ताणला तर बेअरिंग खातो. सैल राहिला तर दात सोडतो, मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाची मिसळ होते. हा ताण कानसेन सुरावर जुळवायचा. बोटानं पट्टा छेडायचा, मान तिरकी करायची, डोळे अर्धे मिटायचे. गिऱ्हाइकं श्वास रोखून बघायची. नाव पडलं ते त्यावरून.

आता त्या कानाचं असं झालं होतं की तीस वर्षं उघड्या सायलेन्सरांशेजारी बसून तो दगड झाला होता. जवळून कोणी ओरडलं तर कळायचं. बाकी सगळं तोंडाकडे बघून. बेकरीवाल्याचा मघाचा प्रश्नही त्याला ऐकू आला नव्हता. तो त्या जागी येतो, एवढं पाठ होतं. घरी बायकोला वाटायचं, हा मुद्दाम ऐकत नाही; आणि लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या बाईला तसं वाटण्यात नवल काही नव्हतं.

खरं काय ते एकट्या मुलीला माहीत होतं. मुलगी बत्तीसची, आठ वर्षं त्याच गॅरेजात हात काळे केलेली. दोन वर्षांपासून दोघांचं एक ठरलं होतं, तेही न बोलता. बाप पट्टा छेडायचा आणि डोळे अर्धे मिटल्याचं सोंग करून तिच्याकडे बघायचा. ताण बरोबर असला की ती हळूच पापण्या मिटायची. नसला तर तशीच बघत राहायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हातारा सूर ऐकतोय. तो तिच्या पापण्या ऐकत होता.

मागच्या महिन्यात ती तापानं चार दिवस पडली. दाताच्या डॉक्टरला गाडी घाईनं हवी होती. कानसेननं नवे पट्टे बसवले, छेडले, समोर बघितलं. समोर भिंत होती. त्यानं अंदाजानं "एक नंबर" म्हणून टाकलं. तिसऱ्या दिवशी पट्ट्यानं दात सोडले, मागचं चाक जागच्या जागी जाम झालं, आणि डॉक्टर रस्त्यावर घासत गेला. डाव्या हाताची दोन बोटं मोडली.

हाताला प्लॅस्टर बांधून डॉक्टर दारात उभा राहिला तेव्हा गॅरेज भरलेलं होतं. "हे पट्टे बसवले कुणी?" एवढं ओरडला की कानसेनलाही ऐकू गेलं.

"पोरीनं," कानसेन म्हणाला.

मुलगी हातभर अंतरावर उभी होती. कालच तापातून उठलेली. तिनं बापाकडे बघितलं, बापानं पान्याकडे. तेव्हापासून जो तो गाडी लावता लावता बजावायचा, "पोरीला हात लावू देऊ नका हं, मिस्त्री." कानसेन मान डोलवायचा. डॉक्टरचं अख्खं इंजिन मात्र तिनंच महिनाभर मागच्या खोलीत बसून उभं केलं, दार लावून.

ती गाडी आज न्यायची होती. बेकरीवाल्याचं हसणं ओसरतंय तोवर डॉक्टर आला. मोठ्यानं बोलायची त्याला सवयच. त्याची गिऱ्हाइकं तोंड उघडं असूनही उत्तर देऊ शकत नाहीत.

"मिस्त्री, कान तुम्ही स्वतः लावायचा! पोरीचं मला काही सांगू नका!"

"या बाबा," मुलगी म्हणाली. हातातल्या चिंधीनं तिनं इंजिनाचं झाकण धरून बाजूला ठेवलं. "एकदा तुम्हीच बघा. डॉक्टरांचं समाधान होईल."

कानसेन उकिडवा बसला. पुढचा पट्टा छेडला. तिच्याकडे बघितलं. पापण्या मिटल्या.

मागचा छेडला. बोट जरा जास्तच आत गेल्यासारखं वाटलं, म्हातारीच्या गालात जावं तसं. बोट काहीतरी सांगत होतं. पण त्याची कीर्ती कानाची होती, बोटाची नव्हती, आणि दोन माणसं श्वास रोखून बघत होती. त्यानं मुलीकडे बघितलं. तिनं पापण्या मिटल्या. सावकाश, अगदी रोजच्यासारख्या.

"एक नंबर!" कानसेन म्हणाला.

मुलीनं डॉक्टरला हेल्मेट घालू दिलं. पाय टाकून बसू दिलं. वाकड्या बोटांनी त्यानं हँडल धरलं, उजवा अंगठा बटणाकडे गेला, तेव्हा कुठं तिनं पुढं होऊन किल्ली काढून घेतली.

"उतरा डॉक्टर. अंगठा इथं लावा. मागच्या पट्ट्याला."

डॉक्टरनं अंगठा लावला. पट्टा आत गेला, दमलेल्या झोळीसारखा.

"आत्ता बटण दाबलं असतंत तर गल्लीच्या तोंडाशी दुसऱ्या हाताची बोटं गेली असती," ती म्हणाली. "हा सैल मी ठेवला होता. पास कुणी केला, ते तुम्ही बघितलंत."

डॉक्टरनं हेल्मेट काढलं, कानसेनसमोर वाकला आणि दात आवळूनच पुटपुटला. "मागच्या महिन्यात कोण होतं?"

ओठ हलले एवढं कानसेनला दिसलं, शब्द काही लागले नाहीत. त्यानं सवयीनं मुलीच्या तोंडाकडे बघितलं. तिचं तोंड म्हणजे पाडलेलं शटर. काहीतरी तर बोलायला हवं होतं.

"दर दोन वर्षांनी बदलायचा, डॉक्टर," तो म्हणाला. "गाडी चालो वा न चालो."

बेकरीवाला फुटला. या वेळी त्याला हसावं लागत नव्हतं, मनापासून येत होतं. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना.

मुलीनं खिशातून सहा नंबरची एलन की काढली, बोल्ट आवळायची षट्कोनी किल्ली. पट्टा आणि पुलीच्या मधून घातली, बोल्ट आवळला, परत घातली. "सहा नंबरची जाते, सात नंबरची अडते. झाला ताण. याला कान लागत नाही."

कानसेनला हे ऐकू यायची गरज नव्हती. उस्तादानंच ही युक्ती त्याला शिकवली होती, आणि तीस वर्षं त्यानं ती गिऱ्हाइकांपासून झाकून ठेवली होती. किल्लीनं ताण जुळवणाऱ्याला कोणी कानसेन म्हणत नाही.

गाडी सुरू झाली, स्वच्छ बोलली. निघताना डॉक्टर कानसेनच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "माझ्याकडे या कधीतरी! कवळी फुकट बसवून देतो! कान मात्र माझ्या खात्यात येत नाही!" मग मुलीकडे वळून म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी तुम्हीच."

डॉक्टर गेल्यावर कानसेन तिच्याजवळ आला. "तू खूण केलीस."

"केली."

"बापाला?"

ती बेकरीवाल्याच्या इंजिनाकडे वळली होती. त्याच्याकडे पाठ करूनच बोलली, "ही गोष्ट लहानपणापासून तुमच्याच तोंडून ऐकतेय, बाबा. मी कधी हसले होते का, आठवून बघा."

पाठीला ओठ नसतात.  कानसेननं आपला लांब स्क्रू ड्रायव्हर शोधला, जो इंजिनावर टेकवून दुसरं टोक तो कानाला लावायचा. मुलगी त्याच स्क्रू ड्रायव्हरनं ऑइलच्या डब्याचं झाकण उचकटत होती.

बेकरीवाल्याच्या गाडीचे बोल्ट काळेकुट्ट होऊन फरशीवर पडले होते. मुलीनं पायानंच ट्रे त्याच्यापुढं सरकवला. रॉकेल काठावरून थोडं सांडलं.

कानसेननं कोपऱ्यातली तिपाई ओढली. तिचा एक पाय आखूड होता. उस्ताद खाली पुठ्ठ्याची घडी घालायचा, ती अजून तिथंच होती. तो बसला, एक बोल्ट बुडवला, ब्रश मारला, फडक्यावर ठेवला.

बाकावरून बेकरीवाला पुढं झुकला. "मग?" त्यानं डोळे पुसत विचारलं. "उस्ताद काय म्हणाला?"

ऐकू काहीच आलं नाही. पण हे ओठ कानसेनला पाठ होते. त्यानं मान खाली घातली आणि ट्रेमधून दुसरा बोल्ट उचलला.