बाई शोधतेय

आज मोबाईल घरीच विसरलो. एरवी गाडीत बसलो की वायर जोडतो आणि माझा मोबाईलच समोरच्या पडद्यावर ऐसपैस बसतो. नकाशा त्याचा, गाणीही त्याचीच. गाडीचं स्वतःचं जे काही आहे, ते मागे गप्प पडून असतं.

माझ्या बायकोला, सुमनला, हे पटायचं नाही. "गाडीला तिची बाई आहे ना, मग तुमचा मोबाईल कशाला मध्ये?" रस्ता सांगणाऱ्या आवाजाला ती बाईच म्हणायची. वर तिच्या चुकाही काढायची, "बवधान नाही हो बाई, बावधन!" सुमन गेल्यापासून मी बाईला बोलूच दिलं नव्हतं.

आज पडदा बाईच्या ताब्यात होता. तिला नवा पूल ठाऊक नव्हता. रेडिओ सुमनच्याच स्टेशनवर लागला. मोबाईल रोज नवा होत माझ्याबरोबर पुढे आला. गाडी मात्र आम्ही दोघं होतो तिथेच थांबली होती.

तेवढ्यात खाली अक्षरं उमटली : ‘सुमनचा फोन शोधत आहे…’

घर आलं तरी ती शोधतच होती.

"बाई, राहू द्या आता," मी म्हणालो. पण गाडी काही बंद करवेना.