अण्णांचा कंदील आणि हलती चित्रं

चित्रांचं वेड असलेली माणसं एकत्र बसली की चित्रांबद्दल कमी बोलतात आणि चित्रं बघताना काय काय झालं त्याबद्दलच जास्त! आमच्या टोळक्याचंही तसंच. कल्याणात दामू प्रधानाच्या ओटीवर जमलं की कुणीतरी "अरे, ते आंबिवलीचं आठवतं का?" म्हणणार, आणि चहा गार होणार. एकाचं सांगून होतंय तोवर दुसऱ्याला दोन आठवलेले असतात.

आधी माणसं सांगतो. अण्णा केतकर घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांनी मुंबईहून मॅजिक लँटर्न आणला, म्हणजे जादूचा कंदील. आत घासलेटचा दिवा, पुढे भिंग, मधे रंगवलेली काच. काचेवरचं टीचभर चित्र समोरच्या पडद्यावर पुरुषभर मोठं होऊन पडतं. काचा अण्णा स्वतः रंगवायचे. नाना दातार शाळामास्तर, चित्र पडलं की गोष्ट सांगायचं काम त्यांचं. पास्कू कोपरीचा, ख्रिस्ती, मासे धरणारा. सामान न्यायला त्याची होडी आणि त्याचेच दंड. दामू नुसता हौशी. मी ठाण्याच्या कचेरीत कारकून. खेळाच्या दिवशी पडदा बांधायचा आणि पाण्यानं भिजवायचा, हे माझं खातं. ओल्या पडद्यातून उजेड आरपार जातो, म्हणून मागे बसलेल्या बायकांनाही चित्र दिसतं. फक्त उलटं!

*

माझं मत विचाराल तर अण्णांच्या सगळ्या काचांत वाघाची काच पहिल्या नंबरची. एकावर एक अशा दोन काचा. वरची सरकवली की वाघाचे डोळे फिरायचे आणि जबडा उघडायचा. कितीदा पाहिली तरी मी दचकायचो.

आंबिवलीला एका खळ्यात खेळ होता. वाघ पडद्यावर आला, नानांनी आवाज खाली आणला, अण्णांनी काच सरकवली. आणि पुढच्या रांगेतला एक माणूस उठून उभा राहिला. त्याच्या भावाला रानात वाघानं नेलं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. त्या वेळी दिसला तो फक्त त्याच्या हातातला कोयता.

"खाली बस!" कुणीतरी ओरडलं. तो बसला नाही. पडद्याकडे निघाला, सावकाश, दबकत, जनावरावर जावं तसा. आणि पडद्यामागे बायका बसलेल्या, पोरं मांडीवर घेऊन!

मी दोरीशी उभा. अडवायला जावं तर कोयता माझ्यावर. दोरी सोडावी तर भिजलेला पडदा बायकांच्या अंगावर आणि त्यावर कोयता. अण्णांनी कंदिलाचं झाकण ओढायला हात घातला, तर ते तापून लाल. हात तसाच मागे आला. मी नुसता "मागे सरा, मागे सरा!" ओरडत राहिलो.

बायका सरकल्या आणि त्यानं वार केला. पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. तो धापा टाकत उभा, त्याच्या पाठीवर वाघाचे पट्टे पडलेले. मग फटीच्या पलीकडून त्याच्याच बायकोचा आवाज आला,

"अवो, यो इकरं पन हाय!"

*

गोष्ट सांगणाऱ्यावर चित्र तरतं किंवा बुडतं, हे माझं दुसरं मत. ठाण्याला एका मोठ्या वकिलांच्या दिवाणखान्यात खेळ होता. गावातली बडी मंडळी लोडाला टेकून बसलेली. आणि आमची बैलगाडी वाटेत कलंडलेली! काचा फुटल्या नव्हत्या, पण सगळ्या विस्कटल्या होत्या. दामूनं हाताला येतील तशा पेटीत भरल्या, आणि तिथं पोचल्यावर लावून घ्यायला वेळच मिळाला नाही.

गोष्ट होती गलबतावरच्या एका शूर तांडेलाची. तो दर्यात बुडून मरतो आणि बायको किनाऱ्यावर वाट बघत राहते. नानांनी असा काही बुडवला की वकीलसाहेबांच्या मातोश्री डोळ्यांना पदर लावून बसल्या. खोलीत हुंदके. आणि पुढच्या काचेत तांडेल पगडी घालून जेवायला बसलेला!

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. वकीलसाहेब सरळ होऊन बसले. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. ठाण्यातला आमचा तो शेवटचा खेळ ठरणार, हे मला दिसत होतं.

नानांनी घसा खाकरला. "मंडळी, हा त्याचा जुळा भाऊ!"

सुटलो, असं वाटतंय तोवर पुढची काच. तांडेल घोड्यावर.

"आणि हा," नाना म्हणाले, तेव्हा त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळताना मला दिसत होता, "हा तिसरा."

मग मातोश्रींनी डोळे पुसले आणि सुनेकडे वळून म्हणाल्या, "अगं, त्या माउलीनं किती सोसलं असेल!"

*

पास्कूचा किस्सा मात्र मी हसत सांगू शकत नाही.

कळव्याला मिठागरांजवळ एका गवती मांडवात खेळ होता. मांडव भरलेला, बाहेर पडायची वाट एकच, आणि तिच्यातही माणसं बसलेली. खेळ निम्म्यावर आला असेल. कंदिलाच्या मागून अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. दिव्याच्या टाकीला चीर गेली होती आणि ज्योत खालून बाहेर येत होती.

डोक्यावर वाळलेलं गवत. "आग" हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला असता, तर जळण्याआधी माणसं तुडवूनच मेली असती. नानांनाही दिसलं. त्यांनी गोष्ट थांबवली नाही, पण काय बोलत होते ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं.

पास्कूनं खांद्यावरचं ओलं फडकं हाताला गुंडाळलं आणि कंदील उचलला. पेटलेला, तसाच. छातीपासून लांब धरून तो गर्दीतून चालू लागला. पळाला नाही. लग्नात ताट घेऊन जावं तसा चालला.

"सरका रं, सरका," तो म्हणत होता. "पुढचं चित्र भायेर हाय."

लोक पाय आखडून वाट देत होते. पोरं टाळ्या वाजवत होती. फडक्यातून धूर यायला लागलेला मी पाहिला. मला ती वाट संपेलसं वाटेना. तो बाहेर पडला, चिखलात उतरला आणि कंदील खाडीच्या पाण्यात ठेवला. फस्स करून आवाज आला, आणि मग त्याच्या तोंडून पहिल्यांदा "आई गं" निघालं.

त्याच्या पाठोपाठ सगळा मांडव काठावर येऊन उभा राहिला. कुणाला काहीच कळलं नव्हतं. एक म्हातारबुवा पाण्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "हे काय बरोबर दिसत नाय. मघाचा वाघ चांगला होता."

*

प्लेगच्या साली खेळ जवळजवळ बंदच होते. अण्णांनी काचांची पेटी बहिणीकडे नेऊन ठेवायची ठरवली, आणि स्टेशनवर तपासणीत अण्णा, नाना आणि मी अडकलो. डॉक्टर तरुण होता, आपलाच, बरेच दिवस झोपला नसावा असा.

"पेटीत काय?"

"चित्रं," अण्णा म्हणाले. "काचेवरची."

"औषधाच्या पाण्यातून काढावी लागतील."

म्हणजे संपलंच. पाण्यानं रंग उतरला असता. अण्णांची सगळी हयात त्या पेटीत होती. अण्णा पेटीवर हात ठेवून उभे राहिले, शिपाई पुढे आला. मागे रांगेत माणसं भेदरलेली. कुणाला खोकला आला तरी सगळे वळून बघत होते.

अण्णांनी पेटी उघडली. एक काच काढून उन्हात धरली आणि पुढे भिंग. डॉक्टरच्या पांढऱ्या कोटावर रंग उमटले. बाग, कारंजं, झोपाळ्यावर राणी. डॉक्टर आपल्याच छातीकडे बघत राहिला. शिपाईसुद्धा.

"काय होतं हिचं पुढे?" डॉक्टरनं विचारलं.

नाना मास्तर माणूस, खोटं सुचलं नाही. "शेवटच्या काचेत तापानं मरते."

डॉक्टरनं रांगेकडे पाहिलं. मग पेटीवर खडूनं खूण केली आणि हळूच म्हणाला, "या साली तिला मारू नका हो."

अण्णांनी शेवटची काच नव्यानं रंगवली. राणी उठून बसते आणि पेज मागते. गोष्ट म्हणून पहिला शेवट चांगला होता, हे माझं मत आजही आहे. पण त्या साली कुणीही पहिला शेवट मागितला नाही.

*

मग हलती चित्रं आली. ठाण्याच्या मैदानात तंबू लागला, आम्ही सगळे गेलेलो. पडद्यावर साहेबाची पलटण चालत आली, आणि ती खरोखर चालत होती! दामू खुर्चीवर उभा राहून ओरडला. नाना म्हणाले, "हलतायत, पण गोष्ट कुठाय?" अण्णा पडद्याकडे बघतच नव्हते. मान वळवून मागच्या मशीनकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अण्णांच्या बायकोनं मला हाक मारली. "अहो, हे पेटी घेऊन खाडीकडे गेलेत. तुम्ही बघा जरा."

मी आणि दामू पळत सुटलो. अण्णा घाटाच्या शेवटच्या पायरीवर, पाण्याशी. पेटी उघडी, हातात वाघाची काच.

"अण्णा, नका!" दामू ओरडला.

अण्णा दचकले. "काय नको? भिंगाला काजळी किती धरलीये बघ. घरी धुतलं की ही ओरडते." काच त्यांनी धोतराच्या कोरड्या सोग्यानं अलगद पुसली. "त्यांच्या चित्रांत रंग नाही रे. पाहिलंस ना तू? आकाशसुद्धा मातीच्या रंगाचं."

*

तोच तंबू पुढे कल्याणला आला. दामूच्या शेजारी काशीकाकू राहायच्या. त्यांचा एकुलता एक सदू रेल्वेच्या कामाला म्हणून आफ्रिकेला गेला होता. सुरुवातीला खुशाली यायची, मग थांबली. लोकांनी त्याचं नाव काढणंही बंद केलं होतं. काकूंचं मन रमावं म्हणून दामूनं त्यांना आमच्याबरोबर तंबूत नेलं. बायका एका अंगाला बसलेल्या, त्यांत काकू.

एक चित्र बंदराचं होतं. आफ्रिकेतलं कुठलंसं. धक्क्यावर गर्दी, हमाल, पेट्या. गर्दीतून एक माणूस पुढे आला, आमच्याकडे बघून बाजूला निघून गेला.

"सदू!"

सगळा तंबू वळला. काकू उभ्या होत्या. पण चित्र संपलं होतं, पडद्यावर दुसरंच काहीतरी नाचत होतं.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. तिसऱ्या दिवशीही. रोज तो माणूस यायचा, बघायचा आणि जायचा. "एवढा एवढासा दिसतो," त्या दामूला म्हणायच्या, "नीट बघेपर्यंत जातो मेला." शेवटच्या दिवशी खेळाआधी त्या थेट मशीनवाल्याकडे गेल्या. पारशी गृहस्थ, वयानं मोठा.

"भाऊ, तो आला की एकदा थांबवा."

"नाय थांबत, बाई. दिव्याची आच फार. चित्रांची पट्टी थांबली की जळते. तंबू पेटेल."

"एक क्षणभर."

त्यानं नकारार्थी मान हलवली. काकू जाऊन जागेवर बसल्या.

बंदर आलं. हमाल, पेट्या, गर्दी. माणूस पुढे आला, त्यानं आमच्याकडे बघितलं. आणि मशीनचा आवाज थांबला.

तो तसाच उभा राहिला! डोक्यावर पागोटं, दाढी वाढलेली. इतके दिवस गर्दीत कुणाला दिसलं नव्हतं, ते आता दिसलं. त्याच्या बाजूला काळी, उंच बाई होती, त्याचा हात धरून. आणि त्याच्या खांद्यावर एक लहान पोरगी.

काकू उठून पडद्याच्या जवळ गेल्या. चित्राच्या कोपऱ्यात तपकिरी डाग पडला. डाग पसरू लागला. मशीनपाशी धूर. पास्कू पाण्याची बादली घेऊन तिकडे धावला, दामू लोकांना बाहेर काढू लागला. मशीनवाला हात मशीनवर ठेवून काकूंकडे बघत होता, पट्टी काही ओढत नव्हता. डाग बाईपर्यंत आला, मग त्याच्या खांद्यापर्यंत.

"काकू, चला!" मी त्यांचा दंड धरला.

"थांब रे."

चेहरा जळाला आणि पडदा पांढरा झाला. पास्कूनं बादली ओतली.

बाहेर आल्यावर दामूला राहवलं नाही.

"काकू, सदूच होता ना?"

काकूंनी पदर सारखा केला. "नव्हे. माझा सदू नव्हे तो."

त्या चालू लागल्या. थोडं पुढे जाऊन थांबल्या आणि मागे न बघता म्हणाल्या,

"पोरगी मात्र आमच्या वळणावर गेलीये."