बाबूबाईंची लाल रेघ

आमच्या ऑफिसातल्या बाबूबाई रागावल्या की पेन्सिलीला टोक करत. आवाज चढवायचा नाही, कपाळाला आठी घालायची नाही. खण उघडायचा, शार्पनर काढायचा आणि शांतपणे फिरवत बसायचं. ऑफिसात पेन्सिलीने कुणीच काही लिहीत नव्हतं, तरी मार्च महिन्यात त्यांच्या डब्यात सुईसारख्या टोकाच्या पंधरा-वीस पेन्सिली उभ्या असत. शिपाई डब्यात डोकावून मला सावध करायचा, "मॅडम, आज तिकडे जाऊ नोका. पाच झाल्या."

मुलांनो, तुमच्याकडे ऑफिस म्हणजे काचेच्या भिंती आणि कॉफीचं यंत्र. आमचं ऑफिस म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या एका लहानशा कॉलेजची जिन्याखालची खोली. दोन कपाटं, एक संगणक आणि एक प्रिंटर, जो थापटल्याशिवाय कागद सोडत नसे. मी तिथे प्राचार्य होते आणि बाबूबाई एकमेव लिपिक. लिपिकाला आपल्याकडे बाबू म्हणतात. आमचा बाबू बाई निघाला, म्हणून बाबूबाई. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. नाचणगावहून स्कूटीवर त्या बरोबर दहाला दहा मिनिटं कमी असताना येत, आणि मी आधीच येऊन बसलेली दिसले की म्हणत, "मॅडम, घरी चहा नाई भेटला काय?"

आमच्या कामाचा मोठा शत्रू होता वरून येणारा मोबाइलवरचा निरोप. तो नेहमी चार वाजून पन्नास मिनिटांनी यायचा: माहिती आजच्या आज, पाच वाजेपर्यंत. मुलींच्या स्वच्छतागृहात नळ किती, ही माहिती एका वर्षात सात वेळा मागवली गेली. एकदा उभ्या तक्त्यात, एकदा आडव्या, एकदा फोटोसह. नळ दोन होते आणि दोन्ही कोरडे. बाबूबाईंनी सात वेळा न कंटाळता लिहिलं, "नळ दोन, पाणी निरंक." मी म्हटलं, "अहो, पाण्याचं कुणी विचारलंय का?" त्या म्हणाल्या, "ते तर माहिती मांगून राह्यले, नळाचं काई नाई. पण वाचता वाचता एखाद्याले तहान लागन."

आठव्यांदा विचारणा आली, तेव्हाही पाणी आलं नव्हतं. पेन्सिली मात्र नऊ झाल्या.

दांडग्या माणसांसाठी त्यांच्याकडे दोनच शब्द होते: "लेखी द्या." एकदा संस्थेतल्या एका वजनदार माणसाचे मेहुणे आले. कधीही वर्गात न बसलेल्या मुलाचा हजेरीचा दाखला त्यांना हवा होता. खुर्ची ओढून म्हणाले, "बाई, वरून सांगितलं आहे." बाबूबाईंनी त्यांच्यापुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं. "कोनी सांगतलं, काऊन सांगतलं, तेवढं लेखी द्या भाऊ. तोंडी हुकूम माह्या रजिस्टरात बसत नाई." भाऊंनी चहा घेतला, कागदाकडे पाहिलं आणि महिनाभर फिरकले नाहीत.

पण बाबूबाईंचा खरा लौकिक झाला तो जावक रजिस्टरामुळे. ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाचा नंबर आणि तारीख त्यात चढते. बहुतेक ऑफिसांत दिवसाच्या शेवटी दोन ओळी कोऱ्या सोडतात. उद्या कुणाला कालची तारीख लागली तर सोय असावी, अशी ही जुनी माणुसकी आहे. बाबूबाई मात्र पाच वाजता शेवटच्या नोंदीला चिकटून पट्टीने लाल रेघ मारत. मुंगीला शिरायला जागा राहत नसे. शेजारच्या कॉलेजचे बाबू त्यांना हसत. त्या म्हणत, "कालची एसटी आज पकडता येते काय?"

मीही हे कौतुकाने सांगत असे, कारण तोवर कालची तारीख मला कधी लागली नव्हती.

मग हिंगणीच्या प्रणिताचं प्रकरण झालं. मुलगी हुशार, नर्सिंगला प्रवेश मिळालेला. तिच्या जातपडताळणीचा प्रस्ताव माझ्या सहीने वर्ध्याच्या कार्यालयात ठरलेल्या तारखेपर्यंत जायला हवा होता, नाहीतर प्रवेश रद्द. ती तारीख उलटून चार दिवस झाल्यावर तिचे वडील पोच मागायला आले, तेव्हा तो प्रस्ताव सापडला माझ्याच कपाटात, "अत्यंत महत्त्वाचे" असं सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या फायलीत. तुम्हाला ठाऊकच आहे, माझ्याकडे प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. ती वस्तू तिथून हलवायची असते, हे मी त्या वेळी विसरले होते.

बाहेर बाकावर बापलेक बसलेले. मी दार लोटून बाबूबाईंना हळूच म्हटलं, "पाच दिवसांपूर्वीच्या तारखेत चढवा. वाटेत उशीर झाला म्हणू."

"रेघ मारली मी, मॅडम."

"मुलीचं वर्ष जाईल! मी सांगते आहे ना?"

त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "लेखी द्या."

एवढा राग मला नोकरीत कधी आला नव्हता. त्या मात्र समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "उद्या कोनी ही तारीख खोटी काढली, तर पोरीचाच कागद अडकन. खरं लिहा. आपण दोघी जाऊ घेऊन."

मी लिहिलं, "कार्यालयीन अनवधानाने विलंब झाला." बाबूबाईंनी चष्मा वर केला. "कार्यालय म्हंजे कोन? मी, का शिपाई, का हे कपाट?" मी ते खोडलं आणि लिहिलं, "प्रस्ताव माझ्या कपाटात राहिला. चूक माझी आहे, विद्यार्थिनीची नाही." त्यांनी टाइप केलं आणि नियमाप्रमाणे खाली संस्थेच्या कार्यालयालाही प्रत लावली. मी सही केली. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची एक प्रत संस्थेला, हा नियम माझाच होता.

वर्ध्याच्या कार्यालयातल्या साहेबांनी आमच्यासमोर पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, "उशिराचं कारण म्हणून आजवर पूर आला, संप आला, सर्व्हर आला. माणूस पहिल्यांदाच आला." आणि विशेष बाब म्हणून प्रस्ताव स्वीकारून पोच दिली. प्रणिता आज नर्स आहे.

माझ्या वाट्याला संस्थेची कारणे दाखवा नोटीस आली. ती बाबूबाईंनीच नोंदवून माझ्या टेबलावर आणून ठेवली. "आता काय उत्तर देऊ?" मी चिडून विचारलं. "देल्लं तेच द्या," त्या म्हणाल्या, "दुसरं खरं कुठून आनाचं?" पुढे ताकीद मिळाली. माझ्या सेवापुस्तकातली ती नोंदही त्यांच्याच वळणदार अक्षरात आहे.

दोन वर्षांनी माझा निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, आणि माईक हातात आल्यावर न सोडणारे पाहुणे. ते म्हणाले, "मॅडमची सेवा निष्कलंक! एक शेराही नाही!" मागच्या रांगेतून आवाज आला, "एक ताकीद हाय, साहेब. नोंद मीच केली."

आधी शिपाई हसला, मग मी, मग सगळेच. पाहुण्यांनी पाणी प्यायलं.

मी निघाले तेव्हा बाबूबाई फाटकापर्यंत आल्या. माझ्या हातातली फुलं गाडीत नीट ठेवत म्हणाल्या, "रागावले काय, मॅडम?"

"भर सभेत काय गरज होती हो?"

"त्या भाषणात तुमचं काईच नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते कोनालेबी चाललं असतं. ताकीद तेवढी तुमची होती."