अठराची पाऊणकी

तिला कार्यालयात पाऊणताई म्हणतात. हे नाव उंचीवरून पडलं. मशीनवर उभं राहताना तिला पायाखाली लाकडी खोकं लागतं. नाव मशीनवाल्या दादांनी ठेवलं आणि बावीस वर्षांत तिने त्याचा राग मानला नाही. "पूर्ण असते तर तुमच्या डोक्यावर बसले असते," एवढंच ती म्हणते.

ती परीक्षा विभागाच्या गोपनीय कक्षात प्रश्नपत्रिका जुळवते. दाराबाहेर एक ट्रे आहे, त्यात मोबाइल ठेवून आत जायचं. काम संपेपर्यंत बाहेर यायचं नाही.

ती शिकली सासऱ्यांकडे. ते शिशाचे खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. त्यांनी सुनेला आधी अक्षरांची मापं शिकवली, मग पाऊणकी पाठ करून घेतली: दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. "हे कशाला, मामंजी?" असं तिने विचारलं होतं. "अडेल तेव्हा कळेल," ते म्हणाले आणि पुढचा खिळा उचलला.

अडलं ते यंदाच्या परीक्षेत, एका सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी.

अकरा वाजता गणिताचा पेपर होता. कमी दिसणाऱ्या अकरा मुलांसाठी मोठ्या अक्षरांच्या प्रती वेगळ्या निघणार होत्या. दहाच्या आत गाडी सुटली नाही, तर मुलांच्या हाती साधी प्रश्नपत्रिका पडणार होती. आदल्या वर्षी तसंच झालं होतं. एका मुलीला दशांशचिन्ह दिसलं नाही. तिने २.५ ला २५ धरून अख्खं गणित सोडवलं, एकही पायरी न चुकता. तिचे वडील उत्तरपत्रिकेची प्रत घेऊन कार्यालयात तीन तास बसून होते. त्यानंतर नियम आला: अक्षर छपाईच्या मापाने अठरा पॉइंटांचं.

पहिली प्रत मशीनमधून निघाली. पाऊणताईने ती उचलली आणि खाली ठेवली नाही. खणातून तिने आपली फिल्म काढली. त्या पारदर्शक पट्टीवर एकच 'क' दहा, बारा, चौदा, अठरा आणि चोवीस पॉइंटांत छापलेला आहे. पट्टी कागदावर ठेवली. अठराचा 'क' खालच्या 'क'च्या चारही बाजूंनी बाहेर आला. चौदाचासुद्धा केसभर मोठा पडला.

"साहेब, हे अठरा नाही."

कक्षाचे साहेब वयाने तिच्या धाकट्या दिराएवढे. त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. "अठराच लिहिलंय की."

"अठरा काय? केळी?"

दादा हसले. साहेब हसले नाहीत.

यंदा शिक्षकांनी प्रश्न नव्या ऑनलाइन फॉर्ममध्ये भरले होते. त्यातल्या आकाराच्या चौकटीत नुसता आकडा होता, पुढे एकक नव्हतं. तो आकडा पिक्सेलचा, म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांचा होता. या हिशोबात इंचाला पिक्सेल शहाण्णव आणि छपाईचे पॉइंट बहात्तर. म्हणजे पिक्सेल हा पाऊण पॉइंट.

"अठरा पाऊण साडेतेरा," ती म्हणाली. "साडेतेरा पॉइंटांचा टाइप छापलाय आपण. अठरा हवे असतील तर चौकटीत चोवीस पाहिजेत."

"पण काल स्क्रीनवर तर मोठं दिसत होतं. मंजुरीची सही झालीय त्यावर."

"माझीच सही आहे. स्क्रीनवर मी मोठं करून पाहिलं. छापून पाहिलं नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. आठ पंचवीस. "मग झेरॉक्सला मोठं करू. याच पानांची ए-थ्री काढा. दादा, पाच मिनिटांचं काम."

दादा उठलेही.

"थांबा, दादा. सातवा प्रश्न वाचा."

दादांनी मोठ्याने वाचलं. "रेषाखंड क ख ची लांबी मोजून लिहा."

"सहा सेंटिमीटर आहे ती. ए-थ्रीवर साडेआठच्या आसपास जाईल. पोरं बरोबर मोजतील आणि चूक ठरतील."

अक्षरं वाढायला हवी होती, रेषा वाढून चालणार नव्हतं. ते हातानेच करायला हवं होतं. प्रश्न चाळीस आणि प्रत्येकाची चौकट वेगळी.

ती बसली. अठरा खोडून चोवीस, मथळ्यांना बत्तीस. दादा शेजारी उभे राहून आकडे मोठ्याने तपासत होते. "चोवीस. चोवीस. अहो, हे बेचाळीस झालं!" आकृत्या तीन होत्या आणि त्यांतली अक्षरं चित्रातच होती, ती वाढेनात. तिने ती पुसली आणि रेषेच्या टोकांशी नव्याने टाइप केली. बाराची एकवीस पानं झाली. सातवा प्रश्न एका पानावर आणि त्याची रेषा दुसऱ्यावर गेली. ती ओढून वर आणण्यात सहा मिनिटं गेली. साहेब दाराशी येरझाऱ्या घालत होते.

"ताई, नऊ वीस."

"मला ऐकू येतंय. कमी दिसतं ते त्या मुलांना."

नऊ बत्तीसला पहिली प्रत निघाली. अठराचा 'क' आता खालच्या 'क'वर नेमका बसला. स्टीलची पट्टी दादांनी रेषेवर धरली. सहा. उरलेल्या दहा प्रती निघाल्या, पाकिटांना सील लागलं. गाडी नऊ बावन्नला सुटली.

मग साहेबांनी दार लावलं. "कालचा तुमच्या सहीचा मंजुरीचा कागद फाडून टाका. विषय इथेच संपेल."

"पुढच्या पेपरालाही तीच चौकट आहे, साहेब. मी फाडला तर उद्या दुसरं कोणी अठरा भरेल."

"तुमचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय."

"ठाऊक आहे."

तिने दोन ओळींचा खुलासा लिहिला: मंजुरी स्क्रीनवर पाहून दिली, कागदावर मापलं नाही. पिक्सेल गुणिले पाऊण बरोबर पॉइंट. साहेबांनी तो वाचला आणि सही न घेताच टेबलावर ठेवला.

दुपारी अडीचला केंद्राचा अहवाल आला. साहेबांनी तो वाचून तिच्यापुढे सरकवला. मोठ्या अक्षरांच्या प्रती: अकरा. वाचनाबाबत तक्रार: नाही. खाली केंद्रप्रमुखांनी पेनाने लिहिलं होतं: एकवीस पानं बाकावर मावत नाहीत, पुढच्या वेळी टेबलं द्यावीत.

"टेबलं केवढी, तेही विचारून घ्या," पाऊणताई म्हणाली. "एकक लिहायला सांगा."

तिने खुलाशाखाली सही केली आणि आदल्या दिवशीचा कागद त्याला टाचला.